इशारा आला होता, मग तयारी का नाही केली?

गारपिटीचा विषय निघाला की पुण्या-मुंबईकडचे नातेवाईक हटकून विचारतात, "अरे, आदल्या दिवशी मोबाईलवर इशारा येतो ना? मग तयारी का करत नाही?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

फेब्रुवारी २०१८. महाशिवरात्र तोंडावर आलेली. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं. इशारा आला होता, हे खरं. विदर्भात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता. आता 'तुरळक ठिकाणी' म्हणजे माझं वावर की नदीपलीकडचं, कोण सांगणार? हरभरा निम्मा सोंगून पडलेला, निम्मा उभा. उभा असलेला हिरवाच सोंगावा तर दाणा चिमतो. सोंगलेला झाकावा तर घरात दोनच ताडपत्र्या, सोयाबीनच्या वेळच्या, भोकं पडलेल्या. नवी आणायला तालुक्याला गेलो, तर दुकानासमोर माझ्यासारखेच कितीतरी उभे आणि माल संपलेला.

टिनावर पहिली गार पडली तेव्हा कुणीतरी दगड मारला असंच वाटलं. मग बोललेलं ऐकूच येईना. माय कोठ्याकडं, म्हणजे गुरांच्या गोठ्याकडं, हात करून ओरडत होती, ते तिच्या ओठांवरून कळलं: "गायीले आत घे!" दहा-बारा मिनिटं, बस. थांबल्यावर बाहेर आलो तर अख्ख्या शिवारात संत्र्याचा वास. साल सोलताना बोटांना येतो ना, तोच. मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, फळं तोडणीला आली होती, ती चिखलात. आंबिया, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणारा बहर, नुकताच फुलला होता, तोही झडला. हातात येणारा पैसा गेला आणि पुढच्या दिवाळीचाही. बाभळीखाली पोपट मरून पडले होते. कोठ्यामागं साचलेला गारांचा ढीग दुसऱ्या दिवशी सकाळीही पुरता विरघळला नव्हता.

गारपीट आम्हाला नवी नाही. बंगालच्या उपसागराकडून बाष्प घेऊन येणारा वारा आणि वायव्येकडचा थंड, कोरडा वारा उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या डोक्यावर भिडतात. २०१४ मध्ये तर फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारा पडत होत्या. पण आमचं सगळं बांधलेलं आहे ते मे महिन्यातल्या ४५ अंशांसाठी. कवेलू, म्हणजे छपरावरची मातीची कौलं, उन्हात घर थंड ठेवतात, गारेनं फुटतात. कोठा हवा खेळावी म्हणून तिन्ही बाजूंनी उघडा. सहा-सहा मीटरवर लावलेली उंच संत्र्याची झाडं तर एका रात्रीत कशानं झाकणार?

आणि हे फक्त गरिबाचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ ला बर्फाचं वादळ आलं. तो मुलूखही उन्हाचाच. वीजकेंद्रं गोठली, गॅसचा पुरवठा आटला, नळ फुटले, ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. सरकारी मोजणीनंच २४६ माणसं दगावली. त्याच्या दहा वर्षं आधी, २०११ मध्ये, तिथं अशीच थंडी पडली होती. चौकशी झाली, यंत्रणा थंडीत टिकेल अशी करा असं सांगितलं गेलं, ते पुरतं झालंच नाही. इशारा त्यांनाही होता. इशारा येतो तेव्हा फार तर घरात असलेली वस्तू बाहेर काढता येते. नसलेली कुठून आणणार?

म्हणून आता मी ताडपत्री दिवाळीच्या आधी घेतो. हरभरा सोंगला की त्याच दिवशी सुडी, म्हणजे गंजी, लावतो, पसरलेला ठेवत नाही. मोरचूद आणि चुना घरात असतोच, कारण गारेनं साल फुटली की तिथून बुरशी शिरते आणि या दोन्हींचं एक टक्का बोर्डो मिश्रण लगेच फवारावं लागतं. पीक विम्यासाठी ७२ तासांत कळवावं लागायचं, म्हणून कागद एका पिशवीत. नुकसान ३३ टक्के भरलं तरच सरकारी मदत, हे मात्र माझ्या हातात नाही. त्या वेळी पंचनाम्याला चार दिवस लागले, तेवढ्यात खाली पडलेली फळं सडली होती आणि ती मोजायची कशी यावरच अर्धा दिवस वाद झाला.

गावात कवेलूच्या घरात एकट्या राहणाऱ्या तीन म्हाताऱ्या आहेत. ढग दाटले की त्यांना शाळेच्या स्लॅबखाली कुणी न्यायचं, हे आम्ही पोरांची नावं घेऊन ठरवून ठेवलंय. त्यातली एक आजी यायलाच तयार नसते. तिची शेळी आधी न्यावी लागते, मग ती मागून येते.