आता दुखत नाही म्हणे

उसाचा हंगाम लागला की बेळगावातल्या हाडांच्या दवाखान्यांत ट्रॅक्टर-ट्रॉलीनं मोडलेले पाय यायला लागतात. एक्स-रे, स्लॅब म्हणजे अर्धं प्लास्टर, सकाळी हाडात रॉड. बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. हा पोरगा मात्र डोक्यातून जात नाही.

खानापूर तालुक्यातला, पंचविशीचा. सकाळी ट्रॉली जोडताना तिचा दांडा नडगीवर बसला. कातडी फाटली नव्हती, म्हणून घरच्यांनी हाडवैद्याकडं नेला. त्यानं बांबूच्या कामट्या लावून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पट्टी आवळली. दुपारभर पोरगा गुरासारखा ओरडत होता. तालुक्याच्या एका डॉक्टरनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं आणखी एक. पट्टी सोडून बघायचं त्याच्या मनात आलं नाही. चिठ्ठीत मात्र ठळक लिहिलं होतं, ‘पायाची नाडी लागते’.

दिवेलागणीला आमच्याकडं पोचला तेव्हा तो गप्प पडून होता. चुलता म्हणाला, “आता बरं हाय डॉक्टर. मगापास्नं दुखायचं थांबलंय बघा.”

हे ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्यानं हाडांची प्रॅक्टिस करू नये.

गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत बसवलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवती न ताणणारं आवरण असतं. आत रक्त साचलं, सूज आली की दाब वाढतो. वरून पट्टी आवळलेली असली तर आणखीच. आधी दबतात त्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या. मोठ्या धमनीतला दाब कितीतरी जास्त, त्यामुळं स्नायू मरत असतानाही नाडी टणटणीत लागते. ‘नाडी आहे’ या दोन शब्दांवर किती पाय वाया गेले असतील! बघायचं असतं ते दुखणं: मोडलेल्या हाडाच्या मानानं भलतंच जास्त, आणि बोटं नुसती ताणली तरी जीव जाईल असं. ते दुखणं आपोआप थांबलं तर पाय सुधारला असं नव्हे, नस बधिर झाली असं समजायचं.

आमच्या कॅज्युअल्टीतल्या नव्या डॉक्टरनं पाय दोन उशांवर उंच ठेवला होता. पुस्तकात सुजेसाठी तसंच लिहिलंय, पण इथं उंच पायाकडं आणखी कमी रक्त पोचतं. उशा काढल्या, पाय छातीच्या पातळीला आणला, कामट्या-पट्टी कातडीपर्यंत कापून टाकली. पिंढरी दगड झाली होती. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात टाचणी टोचली, त्याला पत्ता नाही. अंगठा खाली ताणला तेव्हा मात्र तो कण्हला. त्या कण्हण्यानं मला बरं वाटलं. सगळं मेलेलं नव्हतं.

यावर उपाय म्हणजे आवरण चिरून दाब मोकळा करायचा. पण पाय पूर्ण मेलेला असेल तर चिरायचं नसतं. मेलेल्या मांसाला हवा लागली की पू ठरलेला. जिवंत असेल तर एक मिनिटही थांबायचं नसतं. हा मधला होता. दाब मोजायचं तयार यंत्र महाग, आमच्याकडं नाही. पण 1975 मध्ये व्हाइटसाइड्स या अमेरिकी हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलेली जुगाडी पद्धत मला येते, आणि तिचा मला अभिमान आहे. मोठी सिरिंज, तीन तोंडांची तोटी, सलाइनच्या दोन नळ्या आणि पाऱ्याचं बीपीचं यंत्र. सुईकडच्या नळीत अर्ध्यापर्यंत सलाइन भरायचं, सुई कप्प्यात घालायची आणि सिरिंजचा दट्ट्या अगदी सावकाश दाबायचा. नळीतलं सलाइन सुईकडं किंचित हललं की त्या क्षणी पारा वाचायचा. पायाच्या पुढच्या बाजूच्या कप्प्यात 52 आले. त्याचं खालचं बीपी 74. फरक 22. तो 30 च्या खाली गेला की चिरायचं.

चुलता अडून बसला. “हाड एका जागी मोडलंय, आणि तुम्ही दोन जागी चिरणार?” संमतीपत्र कानडीत आणि इंग्रजीत, पाठीमागं मी हातानं मराठीत लिहून दिलं. त्यानं ते वाचलंच नाही. “मामा, हा पारा बघा,” म्हणून दाब परत मोजून दाखवला, तेव्हा सही केली. आमचा भूलतज्ज्ञ दारात उभा राहून घड्याळ बघत होता. त्याच्या मते माझी ही हौस होती.

नडगीच्या दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन चारही कप्पे उघडले. मागचे स्नायू फुगून बाहेर आले आणि बघता बघता लाल झाले. चिमटा काढला की आक्रसत होते. पुढच्या कप्प्यातला काही भाग राखाडी, चिमट्याला दाद न देणारा, कापला तर रक्त नाही. उघड मेलेलं तेवढं काढलं, शंकेचं ठेवलं. हाड बाहेरून सळ्या लावून धरलं. कॅथेटरच्या पिशवीत लघवी काळ्या चहासारखी उतरत होती, म्हणजे मेलेल्या स्नायूंचा माल मूत्रपिंडात चाललेला. रात्रभर सलाइन आणि रक्तातल्या पोटॅशियमवर नजर. दोन दिवसांनी पुन्हा बघितलं तर शंकेचं निम्मं वाचलं होतं, निम्मं काढावं लागलं. पुढं मांडीची कातडी आणून जखमा झाकल्या.

तो आता चालतो. अंगठा वर उचलत नाही, चप्पल पायातून निसटते. ते दुसरं इंजेक्शन नसतं तर तो ओरडत राहिला असता आणि कुणीतरी लवकर आणला असता, असं मला अजून वाटतं. चुलता हाडवैद्याला शिव्या घालतो, इंजेक्शनवाल्याबद्दल चकार शब्द नाही.

परवा त्या भागात गेलो होतो, तेव्हा हाडवैद्याला भेटलो. सत्तरीचा माणूस, पैसे घेत नाही. गुडघ्याखालचं मोडलेलं बांधू नका, बोटं ताणून बघा, असं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमच्याकडं प्लास्टर घातलेली माणसं बी रात्री-अपरात्री बोंबलत माझ्याकडं येत्यात, सोडवा म्हणून. त्यांचं काय करू?”

म्हटलं, “कापा. आतला कापूससुद्धा कातडीपर्यंत कापा, आणि लगेच गाडीत घाला.”