तेरेखोलपलीकडचा उंबरा

रेडी मागे पडली की थोड्याच वेळात तेरेखोलचा किल्ला लागतो आणि त्याच्या पायथ्याच्या धक्क्यावरून फेरीबोट पलीकडे केरीला जाते. माझी आते केरीला दिलेली असल्यामुळे ही नदी मी लहानपणापासून ओलांडत आलो आहे. या वेळी मात्र मनात एकच नाव होते, गोव्याच्या आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर यांचे. त्यांचा जन्म १९३५ सालचा, याच पेडणे भागातला.

सिंधुदुर्गात आम्ही त्यांना ‘भाऊसाहेबांची मुलगी’ म्हणूनच ओळखत आलो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ रोजी गेले आणि राज्यमंत्री असलेल्या ताईंकडे वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्रिपद आले. वारशाने मिळालेली खुर्ची, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. पण आतेच्या घराचा उंबरा पाहिला की तसे म्हणवत नाही.

हे घर चिऱ्यांचे, बसके, माडांच्या सावलीतले. उंबऱ्याचे फणसाचे लाकूड मधोमध झिजून खोलगट झाले आहे आणि त्यावर आते रोज सकाळी हळदकुंकवाची बोटे ओढते. तिचे सासरे मुंडकार होते, म्हणजे घर त्यांनी बांधलेले, पण जमीन भाटकाराची (जमीनदाराची). भाटकाराची मर्जी फिरली तर बिऱ्हाड उचलायचे, हा धाक त्या घराने एक पिढी सोसला. ताईंच्या कारकिर्दीत १९७५ साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, ज्याने त्यांना घरातून हुसकावणे तर थांबलेच, शिवाय राहती जागा विकत घेण्याचा हक्कही मिळाला. पुढच्याच वर्षी कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक ठरवले. मामलेदार कचेरीतला आपल्या घराचा आदेश आतेने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला आहे. घड्यांवर कागद फाटू लागला आहे, म्हणून तो ती स्वतःच उलगडते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. “ताई नसती तर हो उंबरो आमचो झालो नसतो,” एवढेच ती म्हणाली आणि डबा पुन्हा देव्हाऱ्याखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी हरमल, शिवोली, म्हापसा करत पणजी गाठली. मांडवीच्या काठावरचा आदिलशहाचा जुना राजवाडा त्या काळी सचिवालय होता आणि विधानसभाही तिथेच भरत असे. १९७७ साली ताईंनी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा सत्तेवर आणले, ते भाऊसाहेबांच्या पश्चात, स्वतःच्या बळावर. पण १९७९ च्या एप्रिलमध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी साथ सोडली, सरकार गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. नंतर त्या काँग्रेसमध्ये गेल्या, हे मगो पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या जिव्हारी लागले. मलाही तो निर्णय चुकलाच असे वाटते, कारण ज्या बहुजन समाजाने त्यांना डोक्यावर घेतले होते, त्याला विश्वासात घेतल्याशिवाय ते पाऊल पडायला नको होते. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने वेगळा पक्ष काढला आणि अखेर त्या मगोमध्ये परतल्या.

तरी भाषेच्या बाबतीत त्या कधी डळमळल्या नाहीत. १९९० साली शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचे ते मराठी, कोकणी अशा भारतीय भाषांतून शिकवणाऱ्यांनाच, हे धोरण त्यांनी ठामपणे राबवले. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान खुले केले, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आंदोलनात पुढे उभ्या राहिल्या. सत्ता हातात नसताना, त्या वयात, शाळकरी मुलांच्या भाषेसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या माजी मुख्यमंत्र्यांचे मला फार मोल वाटते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ताई गेल्या. मिरामारच्या किनाऱ्यावर भाऊसाहेबांची समाधी आहे, तिथे मी संध्याकाळी पोहोचलो. निघताना आतेने केळीच्या पानात गुंडाळून अबोलीची वेणी दिली होती आणि बजावले होते की ती बापाच्या समाधीवर ठेव, पण नाव लेकीचे घे. वेणी एव्हाना थोडी सुकली होती. मी पान उलगडले, ताईंचे नाव घेतले आणि ती तिथे ठेवली.