कान बघा, दात नंतर

इंदूरला नवलख्याच्या प्राणी संग्रहालयात वाघाच्या पिंजऱ्यापुढे उभं राहिलं की सगळ्यांची नजर जबड्याकडे जाते. पोरांना कडेवर घेऊन आपण दाखवतोही दातच. पुढच्या खेपेला दात सोडा आणि दहा मिनिटं नुसते कान बघा. वाघाच्या कानाची मागची बाजू काळी असते आणि त्या काळ्यावर एक ठसठशीत पांढरा ठिपका असतो. वाघ निवांत असला की समोरून हा ठिपका दिसत नाही, कानाची आतली बाजू दिसते. काही खुपलं की कान फिरतात, मागचा काळा भाग पुढे येतो आणि दोन पांढरे ठिपके तुमच्याकडे बघू लागतात. राग आणखी चढला की कान डोक्याला सपाट चिकटतात. नाकावर सुरकुत्या, वर खेचलेला ओठ, बाहेर आलेले सुळे हे सगळं कानांच्या जोडीनं किंवा त्यांच्यानंतर येतं.

एक गफलत इथेच दूर करून टाकू. वाघ झाडाचं खोड हुंगतो, नाक वर करून दात विचकतो, जीभ बाहेर काढतो, आणि तो फोटो मोबाईलवर 'खवळलेला वाघ' म्हणून फिरतो. तो खवळलेला नसतो. दुसऱ्या वाघानं मारलेल्या मुताच्या फवाऱ्याचा वास तो टाळूवर घेत असतो. तेव्हा कान आणि अंग बघा, सगळं सैल असतं.

इंदूरकराला हे माहीत असावं, कारण वाघ आता फक्त कान्हा-बांधवगडचा राहिलेला नाही. मध्य प्रदेशात २०१८च्या गणनेत ५२६ वाघ होते, २०२२च्या गणनेत ७८५. जंगल काही त्या प्रमाणात वाढलेलं नाही. दीड-दोन वर्षांचा झाला की नर आईपासून सुटतो, मोठे नर त्याला आपल्या हद्दीत टिकू देत नाहीत, मग तो नाल्यांच्या काठाकाठानं रात्रीचा चालत सुटतो. खिवनी अभयारण्य, उदयनगर, बडवाह, चोरल, महू, मानपूर हा सगळा पट्टा अशा वाटसरूंच्या कामाचा आहे. मे २०२३ मध्ये महूच्या लष्करी आवारात रात्री वाघ कॅमेऱ्यात आला आणि जूनमध्ये महूजवळच्या मलेंडीत वाघाच्या हल्ल्यात एका वयस्क माणसाचा जीव गेला. तरी या भागात बिबटे वाघापेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे विसरू नका.

भाषेचाही इथे घोळ आहे. गावात 'शेर आया' ही हाळी पट्टेदार वाघालाही असते आणि बिबट्यालाही. आपणही बिबट्याला सर्रास वाघच म्हणतो. म्हणून ठसा बघावा. वाघाच्या पुढच्या पंजाचा ठसा साधारण १२ ते १५ सेंटिमीटर रुंद, बिबट्याचा ७ ते ९. दोघांचीही नखं उमटत नाहीत. ठशापुढे नखांचे टोचे दिसले तर तो कुत्रा किंवा तरस. मात्र हे माप घट्ट जमिनीवरच्या पातळ धुळीतलं. ओल्या चिखलात पाय रुततो, बोटं फाकतात, आणि बिबट्याचा ठसा वाघाएवढा होऊन बसतो. पावसाळ्यातल्या निम्म्या अफवा या चिखलातून निघतात.

आता मुद्द्याचं. माणसापुढे वाघ दोन तऱ्हांनी येतो. एक दटावणारा, दुसरा शिकारीवर निघालेला. दोघांची लक्षणं जवळजवळ उलटी आहेत.

दटावणारा वाघ स्वतःला लपवत नाही. छातीतून खोल, न थांबणारी गुरगुर ऐकू येते. शेपूट डावी-उजवी जोरात आपटते. कान फिरलेले किंवा चिकटलेले, जबडा उघडा, पुढचं अंग खाली. तरीही समोरचा हलला नाही तर तो खोकल्यासारखी तुटक डरकाळी फोडत अंगावर येतो आणि बऱ्याचदा काही मीटरवर थांबतो. ही खोटी चाल. तिचा अर्थ एवढाच, की चालता हो. तिच्यामागे कारण असतं: जवळच्या झुडपात पिल्लं, खाल्लेली-झाकलेली शिकार, सोबतीला मादी, किंवा निसटायची वाट माणसांनी अडवलेली. पहिल्या दोन महिन्यांत मादी पिल्लांना दाट जाळीत ठेवून फिरते, त्यामुळे तुम्हाला फक्त पिल्लू दिसतं, आई दिसत नाही. पिल्लू एकटं आहे असं धरून चालणाऱ्याची इथे गाठ पडते. उचलू नका, फोटोला थांबू नका, आलात त्याच वाटेनं मागे व्हा.

शिकारीवरचा वाघ आवाज करत नाही. कान पुढे ताणलेले, डोकं खांद्यांच्या खाली, पोट जमिनीला, फार तर शेपटीचं टोक वळवळतं. वास घेत माग काढणं हा त्याचा धंदा नाही, तो डोळ्यांनी आणि कानांनी शिकार करतो. गवताच्या, खडकाच्या आडोशानं दहा-वीस मीटरपर्यंत येतो आणि मागून किंवा बाजूनं झेपावतो. हे अंतर कापायला त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. मोठ्या नराचं वजन १८० ते २५० किलोच्या घरात असतं. नुसत्या धडकेनंच माणूस आडवा होतो आणि सुळे मानेत किंवा कवटीच्या बुडाशी बसतात. गुरगुरणाऱ्या वाघापुढे तुम्हाला विचार करायला वेळ असतो, या दुसऱ्यापुढे नसतो. म्हणून त्याच्यासाठी जी काही तयारी करायची ती आधी, चालताना.

उभा माणूस वाघाच्या शिकारीच्या नेहमीच्या आकृतीत बसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला बसतो. मोहाची फुलं वेचणं, तेंदूपत्ता तोडणं, गवत कापणं, लोटा घेऊन पहाटे झुडपाआड बसणं, या सगळ्यांत माणूस चार पायांच्या उंचीला येतो, मान उघडी पडते आणि नजर जमिनीवर असते. मार्च ते मे या महिन्यांत जंगलालगतच्या गावांत धोका वाढतो तो याच कामांमुळे. गावात संडास असणं आणि तो वापरला जाणं हा वाघापासूनच्या बचावाचाच भाग आहे, आणि आमच्या मते सगळ्यात कमी बोलला जाणारा.

वेचायला जायचंच असेल तर ऊन वर आल्यावर, चार-पाच जणांनी, एकमेकांच्या नजरेत राहून. सगळ्यांनी एकदम वाकू नये. एकानं उभं राहून मागे बघत राहायचं, दर दहा-पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची. बोलत राहायचं. अचानक समोरासमोर येणं हे वाघालाही नको असतं, आवाज लांबून गेला की तो बहुतेक वेळा स्वतःच सरकतो. कानात गाणी घालून जंगलात जाणाऱ्यांना काय म्हणावं!

रविवारी पोहे-जलेबी हाणून मोटरसायकली पातालपाणी, तिंछा, चोरलकडे निघतात, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. धबधब्याजवळ आणि भरल्या नाल्याच्या काठी पाण्याच्या आवाजात तुमची चाहूल त्याला लागत नाही आणि त्याची तुम्हाला. त्यात पावसाळ्यात घाणेरीची (लँटानाची) झुडपं माणसाच्या डोक्यावर वाढलेली असतात. अशा ठिकाणी पायवाट सोडून आत शिरू नये, आणि वळणापूर्वी टाळी वाजवावी किंवा हाक द्यावी. भेरू घाटात संध्याकाळनंतर गाडीपुढे वाघ आला तर लांबच थांबा, काचा वर, हॉर्न नको, दिवे खाली. दुचाकीवर असाल तर इंजिन चालू ठेवा, दोघं उतरून फोटो काढत बसू नका. तो रस्ता ओलांडून गेल्यावरही दोन-चार मिनिटं द्या. मादी असेल तर मागून पिल्लं येतात.

जंगल स्वतःही सांगत असतं. वानराचं 'खक्-खक्' एकाच दिशेला तोंड करून चाललेलं असतं, चितळ कर्कश ओरडतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. एक हाक फसवी असू शकते, पण ती चालूच राहिली आणि जागा बदलत तुमच्याकडे येऊ लागली, तर मागे फिरावं. कावळे एकाच झुडपावर घिरट्या घालताहेत, गवत ओढल्यासारखं लोळलंय, सडका वास येतोय: पुढे शिकार आहे, आणि वाघ तिच्यापासून लांब नसतो. मोठं जनावर मारल्यावर तो तीन-चार दिवस तिथेच खात, पाणी पीत, पडून असतो. गाय गेली म्हणून मालक धाव घेत तिला शोधायला जाळीत शिरतो, तो नेमका याच वेळी. शिरू नका. वनरक्षकाला फोन करा, मढं जागचं हलवू नका. पंचनामा तिथेच होतो आणि भरपाई त्यावरच मिळते. रागानं मढ्यावर विष टाकणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो, शिवाय गावातली कुत्री आणि गिधाडं मरतात ती वेगळीच.

वाघ समोर आलाच, तर पळायचं नाही. पाठ आणि पळणारे पाय दिसले की दटावणाऱ्याचाही शिकारी होतो. झाडावर चढण्याच्या भानगडीतही पडू नका, त्यात पाठ त्याच्याकडे होते आणि वेळ जातो. ताठ उभं राहायचं, पोरं सोबत असतील तर न वाकता ओढून जवळ घ्यायची, घोळका करायचा. तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे. त्याच्यावर लक्ष असू द्या, पण डोळ्यांत डोळे घालून ठाकू नका. तो गुरगुरत असेल तर आरडाओरडा, दगडफेक नको, त्याला हवी आहे ती जागा द्या. उलट तो मुकाट्यानं, दबकत, तुमच्या मागे मागे येत असेल तर मोठ्यानं ओरडा, काठी आपटा, हात वर करून मोठे दिसा, आपण त्याला पाहिलंय हे कळू द्या. पकडलंच तर मेल्याचं सोंग कामाचं नाही. मान दोन्ही हातांनी झाकायची, हाताशी असेल त्यानं नाक-डोळ्यांवर मारायचं, आणि सोबतच्यांनी कालवा करत एकत्र पुढे यायचं. वाघ माणूस टाकून गेल्याच्या घटनांत सोबत्यांचा कालवा हे नेहमीचं कारण असतं.

मुखवट्याचा उपाय पुष्कळांनी ऐकलेला असतो. १९८६ साली सुंदरबनात मध काढणाऱ्यांना डोक्याच्या मागे बांधायला माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे दिले होते. सुरुवातीला उपयोग झाला, पुढे वाघांना ते नाटक कळलं. चोरलच्या जंगलात मुखवटा विकत घेऊन जाण्यापेक्षा एक माणूस जास्त न्यावा.

जखम बाहेरून लहान आणि आत खोल असते. सुळ्याचं भोक बोटाएवढं, पण आत स्नायू फाटलेला आणि वाघाच्या तोंडातले जंतू तिथवर पोचलेले. आधी स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवा. ते थांबलं की साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. मानेला मार असेल तर मान न वळवता खाटेवर किंवा फळीवर घालून न्या, १०८ लावा. दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन, रेबीजची लस आणि जखमेत सोडायचं रेबीजचंच इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिद्रव्यं), तिन्हींबद्दल विचारा. अशा जखमा घाईनं शिवून बंद केल्या की आत पू धरतो.

आणि गर्दी. पट्टेदार वाघ गावाजवळ उसात किंवा नाल्यात बसलाय म्हटल्यावर हजार माणसं जमतात, पोरं छपरांवर, सगळे मोबाईल वर. बसलेल्या वाघाला अंधार पडेपर्यंत वाट मोकळी ठेवली तर तो बहुधा आला तसा जातो. चारी बाजू अडल्या की तो सगळ्यात पातळ कडा बघून माणसांतून निघतो, आणि त्या दिवशीच्या जखमा त्यातूनच होतात. त्याला मारायची किंवा पकडायची परवानगी १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे फक्त राज्याचा मुख्य वन्यजीव प्रतिपालक देतो. पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं यांपैकी काहीच जमत नसेल तरच मारायची.

बेशुद्ध करणं म्हणजे सिनेमातल्यासारखं सुई लागली की कोसळला, असं नसतं. झायलाझीन आणि केटामिन या गुंगीच्या औषधांचं मिश्रण वीस-तीस मीटरवरून मांडीच्या स्नायूत बसावं लागतं. मग ५ ते १५ मिनिटं तो चालत राहतो, झुडपात शिरतो, कधी अंगावरही येतो. गोंगाटानं तो चेकाळलेला असेल तर औषध उशिरा चढतं किंवा कमी पडतं आणि दुसरी सुई द्यावी लागते. पडल्यावर डॉक्टर लगेच जवळ जात नाहीत. काही मिनिटं थांबतात, मागच्या बाजूनं येतात, लांब काठीनं आधी ढुंगणाकडचा भाग ढोसतात आणि मग काठीच्या टोकानं कानाच्या आतल्या केसांना हळूच स्पर्श करतात. कान हलला, की सगळे परत मागे.