एट-डीतला चौथा डी

रूट कॉजमध्ये, म्हणजे मूळ कारणात, "ऑपरेटरची चूक" लिहिलं की रिपोर्ट परत येतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझा अख्खा जुलै वाचला असता.

बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, प्रॉडक्शन मी बघतो. पावसात आमचं कास्टिंग (ओतलेला पार्ट) मशिनिंगला गेलं, बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, ब्लोहोल (गॅसनं पडलेल्या पोकळ्या) निघाले आणि कस्टमरनं तक्रारीवर एट-डी रिपोर्ट मागितला. प्रॉब्लेम सोडवायची ही आठ पायऱ्यांची पद्धत फोर्डनं १९८७ मध्ये काढली, आता गाड्यांच्या कंपन्या सगळ्याच मागतात. टीम, प्रॉब्लेम, स्टॉक बाजूला काढणं, हे तीन डी दोन दिवसांत उरकले.

चौथ्यात, म्हणजे रूट कॉजमध्ये, अडकलो. आधी लिहिलं ऑपरेटर निष्काळजी, परत. मग लिहिलं कोअरमध्ये (पार्ट आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा ठोकळा) ओलावा, त्यावर नुसतं "का?" लिहून परत. मग फिशबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखा कारणांचा तक्ता, काढला, मॅन, मशीन, मटेरियल सगळे काटे भरले, तोही परत आणि माझं डोकंच फिरलं, तिकडं खुर्चीत बसून "का" विचारायला काय जातंय! पण काट्यांवर मी नुसत्या शंका लिहिल्या होत्या, तपासली एकही नव्हती.

शेवटी केबिन सोडून कोअर शॉपला जाऊन बसलो. तिथले कोअर करणारे मामा कानडी, मी आपला "याके, याके" (का, का) करत राहिलो. कोअर ओला का? रात्रभर शटरजवळ असतोय, पावसाळी हवा ओढून घेतोय, ओतताना त्याचाच गॅस. तिथं का ठेवता? सेकंड शिफ्टला जास्तीचे होतात. जास्तीचे का? सकाळी मोल्डिंग थांबू नये म्हणून. हे कुणी सांगितलं? मामा माझ्याकडं बघून म्हणाले, "नीवे हेळिद्री सर." तुम्हीच सांगितलंय की. एप्रिलात सांगितलेलं, तेव्हा कडक ऊन होतं.

मग रात्रीचे निम्मे कोअर ओव्हनला परत वाळवले, निम्मे तसेच ठेवले, खुणा करून ओतले. ब्लोहोल न वाळवलेल्यातच. हे फोटोसकट लिहिलं तेव्हा रिपोर्ट पास झाला.

आणि हो, रिजेक्ट पीसवर पहिल्याच दिवशी हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतला ते) आणि शिफ्ट लिहून ठेवा. मी नंतर शोधत बसलो, तर सगळे फर्स्ट शिफ्टच्या सुरुवातीचे, म्हणजे उत्तर तिथंच पडलं होतं.

पाचव्या डीत, म्हणजे उपायात, दोन पर्याय होते, कोअरला हीटर लावून बंद खोली किंवा पावसाळ्यात शिफ्टला लागतील तेवढेच कोअर. खोलीला पैसे कोण देणार, दुसरा धरला. सकाळी अर्धा तास मोल्डिंग उशिरा सुरू होतं, मालक अजून कुरकुरतात.

आठव्या डीत टीमचं कौतुक करायचं असतं. कुंदा आणला, मामांना शुगर, त्यांनी बोटभरच खाल्ला.