पेट्रोल स्वस्त कधी होणार, तुम्ही विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला वरण-बट्टीच्या पंगतीत विचारला गेलाय, दुखवट्याच्या गंधमुक्तीला बसलेलो असताना विचारला गेलाय, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरूनही आलाय. "तू तं डेपोमा शे, मंग सांग, पेट्रोल कव्हय सस्तं व्हई?" सव्वीस वर्षं झाली, मनमाडजवळ पानेवाडीला तेलाच्या डेपोत नोकरी करतोय. गाव पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो, आणि गावाला वाटतं की भावाचं काहीतरी आतलं मला कळत असणार. इतकी वर्षं मी "होईल, होईल" म्हणून विषय संपवत आलो. ते चुकलंच माझं. माणसं मनापासून विचारतात, तर मनापासून सांगायला हवं होतं.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं डेपोत जमिनीतून तेल निघतं. आमच्याकडे मुंबईहून, माहुलच्या रिफायनऱ्यांकडून तेल येतं. जमिनीखालच्या नळीतून, सह्याद्री चढून, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. त्या एकाच नळीतून पेट्रोलही येतं आणि डिझेलही, एकामागे एक. मध्ये बूच नाही, पडदा नाही. पेट्रोल संपतं तिथे डिझेलचं तोंड त्याला लागलेलं असतं आणि जिथे दोन्ही एकमेकांत मिसळतात त्या तुकड्याला आम्ही इंटरफेस म्हणतो. तो आला की घनता सरकायला लागते. पेट्रोल घनमीटरला सातशे चाळीस किलोच्या आसपास असतं, डिझेल आठशे तीसच्या. आकडा चढायला लागला की तो तुकडा वेगळ्या टाकीत वळवायचा, चुकून पेट्रोलच्या टाकीत जाऊ द्यायचा नाही. नोकरीला लागलो तेव्हा रात्रपाळीत त्या आकड्याकडे बघताना माझे हात घामेजायचे. आजही त्या वेळेला मी कोणाशी बोलत नाही.

मग टँकर भरायचे. अर्थिंगची तार लावल्याशिवाय एक थेंब सोडायचा नाही, कारण तेल वाहताना स्थिर वीज साठते आणि पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते. मोबाइल गेटवर जमा, काडेपेटी गेटवर जमा, अंगात सुती कपडे. तुमच्या गाडीत शंभर रुपयांचं जे पडतं त्यामागे एवढ्या माणसांनी एवढा जीव सांभाळलेला असतो. भाव ठरवणारा मात्र यात कोणीच नसतो.

भावाचं थोडक्यात सांगतो. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शंभरातलं पंच्याऐंशीपेक्षा जास्त बाहेरून आणतो. मुंबई हाय १९७४ साली सापडलं, १९७६ पासून तिथून तेल निघतंय, पण तेवढ्याने आपलं भागत नाही. बाहेरचा भाव चढला की इथे चढणारच. उतरला की उतरतो का? २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या एका सौद्यात पिंपाचा भाव शून्याच्या खाली गेला होता. आपण सगळे तेव्हा घरात बसलेलो. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क वाढवलं, म्हणजे उतरलेला पैसा तिजोरीत गेला, पंपावर आला नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केलं, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा दोन रुपये वाढवलं. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा. जीएसटी आला तरी पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेरच ठेवलंय. आपल्या नवापूरची माणसं गुजरातच्या हद्दीत जाऊन टाकी भरून येतात ती याच व्हॅटच्या फरकामुळे. तेल तेच असतं.

तेव्हा स्वस्त करायचं म्हटलं तर सरकारं करू शकतात. पण मला स्वस्त पेट्रोल हवंय का? नको. हे मी पंगतीत बोललो तेव्हा चुलत मामांनी हातातली बट्टी खाली ठेवली होती. का नको, ते सांगतो.

स्वस्त तेलाचं काय होतं ते मी रॉकेलवरून शिकलो. लहानपणी रेशनच्या रांगेत मी आईचा पाच लिटरचा डबा घेऊन उभा राहायचो. निळं रॉकेल. तो निळा रंग मुद्दाम घातलेला असायचा, गरिबाचं रॉकेल ओळखू यावं म्हणून. रेशनचं रॉकेल आणि डिझेल यांच्या भावात वर्षानुवर्षं मोठी दरी होती, आणि त्या दरीत माणसं कमवायला बसली. रॉकेल चुलीपर्यंत न येता डिझेलच्या टाकीत जायला लागलं. माझी आई दोन-दोन तास उभी राहून रिकामा डबा घेऊन यायची आणि तेच रॉकेल कुठेतरी ट्रकच्या इंजिनात जळत असायचं.

२५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे पानेवाडीच्या परिसरात रॉकेलची चोरी आणि भेसळ पकडायला गेले. तिथेच त्यांना पेटवून देऊन मारलं. भर दिवसा. मी त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होतो. डेपोत बातमी आली तेव्हा कोणी कोणाकडे बघेना. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदनाला उभे राहिलो, राष्ट्रगीत झालं, आणि आमच्यातला सगळ्यात वयस्कर माणूस तिथेच खाली बसला. एक अधिकारी, त्याचं घरदार, आणि समोर काही टाक्या रॉकेल. आज त्या रस्त्याने जाताना मी अजूनही गाडीचा वेग कमी करतो.

पुढे सबसिडी हळूहळू संपली, ती दरी बुजली, घरोघरी गॅस आला आणि निळं रॉकेल दिसेनासं झालं. म्हणून एखाद्या पुढाऱ्याने भाषणात तेल निम्म्या भावात देतो म्हटलं की मला टाळ्या वाजवता येत नाहीत. ज्याच्याकडे जास्त गाड्या त्याला जास्त स्वस्ताई मिळते. ज्या म्हातारीकडे सायकलही नाही तिला काय मिळतं?

मला जे हवंय ते सांगतो. आमच्या गावाला एसटीची मुक्कामी गाडी यायची. संध्याकाळी सातला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, कोणाच्या ना कोणाच्या घरून त्यांना कळण्याची भाकरी आणि भाजी जायची, आणि सकाळी सहाला गाडी अमळनेरला निघायची. मी त्या गाडीने शिकलो. ती बंद झाली. मी कोणावर ठपका ठेवत नाही, कारण त्यात आम्ही गावकरीही आहोत. रस्त्याला खड्डे पडले ते आम्ही पडू दिले. घरोघरी मोटारसायकल आली आणि आम्हीच गाडीत बसायचं सोडलं. गाडी रिकामी जायला लागली, मग यायची थांबली.

माझ्या भावाची मुलगी तेव्हा बारावीला होती. मुलगा असता तर भावाने त्याला मोटारसायकल दिली असती, हे मी भावाच्या तोंडावर बोललेलो आहे. तिने सहा महिने काळीपिवळीतून ये-जा केली. एका जीपमध्ये पंधरा-सोळा माणसं, दाराला लटकलेली पोरं. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, काका, मला नाही जायचं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. आमच्या घरात पेट्रोलच्या भावाने तेवढं नुकसान केलेलं नाही जेवढं त्या एका बंद झालेल्या मुक्कामी गाडीने केलं.

आता माझ्या धंद्याचा हिशोब मांडतो. अमळनेर आमच्या गावापासून बावीस किलोमीटर. शाळा-कॉलेजला जाणारी तीस पोरं-पोरी धरा. डबलसीट गेली तरी पंधरा मोटारसायकली, जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर, लिटरला पन्नास धरले तर रोज तेरा लिटरच्या वर पेट्रोल. एसटीची बस लिटरला साडेचार किलोमीटर गेली तरी तीच फेरी दहा लिटर डिझेलमध्ये होते, आणि चव्वेचाळीस आसनांतली चौदा बाजाराला आणि दवाखान्याला जाणाऱ्यांना उरतात. बस भरलेली असली तरच हा हिशोब बसतो. म्हणून ती वेळेवर यायला हवी, कारण एकदा लोकांचा विश्वास उडाला की ती भरत नाही. महिलांना अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला, दोन्ही निर्णय मला मनापासून पटतात. पण जिथे गाडीच येत नाही तिथे अर्धं तिकीट कशाचं काढायचं?

पेट्रोलवरचा कर मला मान्य आहे, फक्त तो आमच्या गावाकडे गाडी होऊन यायला पाहिजे. डेपोतल्या चहाच्या वेळेला मी हे बोलतो तेव्हा तरुण पोरं म्हणतात, दादा, तुम्ही एसटी महामंडळात पाहिजे होते.

दुसरी गोष्ट रात्रीच्या विजेची. आमच्या खान्देशात वीज कमी नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळशाची तयार होते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. आणि माझा भाऊ जानेवारीच्या थंडीत रात्री एक वाजता बॅटरी घेऊन दादर ज्वारीला पाणी भरायला जायचा, कारण शेताचा थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीचा असायचा. साप असतो, उघडी वायर असते. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बिबट्याने माणसं मारली, त्या हिवाळ्यात आमच्या वहिनी शेतात फोन लावत बसायच्या, तो उचलेपर्यंत झोपायच्या नाहीत. रात्री जायला नको म्हणून लोकांनी डिझेल इंजिनं काढली. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला लिटरभर डिझेल खातं. मी ज्या तेलासाठी अर्थिंगची तार लावतो ते तेल भाऊ बांधावर जाळत होता, केवळ वीज भलत्या वेळेला येते म्हणून.

गेल्या वर्षी त्याने सौर पंप बसवला. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे असतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच. पंप बसायला वेळ लागला, ढगाळ दिवशी पाणी कमी येतं, पॅनेल पुसावी लागतात, हे सगळं खरं आहे. पण तो रात्री घरी झोपतो.

मीही घरावर पॅनेल बसवली. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटची पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतात. डिझेलच्या जनरेटरमध्ये एक लिटर ओतलं तर तीन, फार तर साडेतीन युनिट निघतात. म्हणजे छतावरची दोन-तीन पॅनेल रोज लिटरभर डिझेलच्या वर काम करतात. जळगाव-भुसावळचं जे ऊन आपल्याला मे महिन्यात घराबाहेर पडू देत नाही, तेच हे. मात्र पॅनेलला ऊन हवं असतं, अतितापलेलं छत नको असतं, म्हणून खालून वारा खेळेल अशी उंचावर बसवा. पंचेचाळीस अंशांत ती थोडी कमीच देतात.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला. तेल कमी लागलं तर तुझी नोकरी जाईल, मग तू असं का बोलतो? माझी जाणार नाही, सहा वर्षांत मी निवृत्त होईन. मला काळजी टँकरवाल्यांची वाटते. पानेवाडीच्या रस्त्याला रांगेत उभे असलेले ड्रायव्हर, क्लीनर, गॅन्ट्रीवर, म्हणजे टँकर भरायच्या जागी, कंत्राटावर काम करणारी पोरं, त्यांना चहा-पोहे देणाऱ्या टपऱ्या. तेल उद्या बंद होणार नाही, आमच्या नळीतून अजून खूप वर्षं पेट्रोल-डिझेल वाहणार आहे, पण पंचविशीतल्या पोराने पुढची तीस वर्षं त्याच्यावर टाकू नयेत. आमच्या गॅन्ट्रीवरचा एक मुलगा सुट्टीच्या दिवशी सौर पंप बसवणाऱ्यांबरोबर जातो. अर्थिंग त्याला आधीच येत होतं, बाकीचं शिकला. असं शिकवणं डेपोच्या गावांतल्या आयटीआयमध्ये आत्ताच सुरू व्हावं, लोक घरी बसल्यानंतर नव्हे.

राहिला तुमचा प्रश्न. कव्हय सस्तं व्हई? ते मला सांगता येणार नाही. पण महिन्याला तुमचं पेट्रोल कमी कसं लागेल ते सांगता येईल, आणि त्यासाठी तुमची सही लागेल. ग्रामसभेत मुक्कामी गाडीचा ठराव झालाय. फाट्यापासूनच्या रस्त्यावरचे खड्डे ग्रामपंचायत मुरूम टाकून बुजवणार आहे. एकतीस विद्यार्थ्यांची यादी तयार आहे, त्यात अकरा मुली आहेत, आणि पहिलं नाव भावाच्या धाकटीचं आहे. मंगळवारी मला सुट्टी आहे. सकाळी दहाला मारुतीच्या पारावर बसतो, अर्ज घेऊन.