आमची वाटचाल : माडावर नशीब किती, तयारी किती

"इतकी वर्षं चढतोय, एकदाही पडला नाही, देवाची कृपा!" आमच्या पाडेल्यांबद्दल, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्यांबद्दल, भाटकार (माडांच्या भाटांचे, म्हणजे बागांचे मालक) असं कौतुकाने म्हणतात. कृपा हवीच. पण नारळ पाडण्याचा आमचा हा छोटा व्यवसाय टिकला तो पाय माडाला लागण्याआधी जमिनीवर होणाऱ्या कामामुळे.

गोव्यात पाडेलीपण वडिलांकडून मुलाकडे जायचं. पुढची पिढी दुसऱ्या नोकऱ्यांत गेली आणि भाटांत नारळ शेंड्यावरच सुकू लागले. नारळ विकास मंडळाने 2011 पासून चढण्याच्या यंत्राचं सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि तशी शिकलेली मुलं घेऊन आम्ही सुरुवात केली. यंत्र सहा दिवसांत हाताखाली येतं, शरीर येत नाही. साठ फुटांवर कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून कोयता चालवायचा तर पंजाची पकड, पोटऱ्या आणि पाठ तयार लागते. म्हणून नव्या मुलाला पहिले काही आठवडे डोक्याएवढ्या उंचीपर्यंतच चढउतार करायला लावतो. जोडीला आडव्या बारला लोंबकळणं असतं, आधी तीस सेकंद, मग मिनिटभर. बैठका मारताना खाली जाणं मुद्दाम सावकाश, कारण घसरण्याची भीती उतरतानाच जास्त. तेव्हा हात थकलेले असतात आणि लक्ष पुढच्या माडावर गेलेलं असतं. सकाळी पेज खाऊन सातला काम सुरू, ऊन चढलं की बंद. रात्री दारू घेतलेल्याला सकाळी माड मिळत नाही, मग तो कितीही कसलेला असो.

यंत्राच्या दोन फ्रेमा, डाव्या-उजव्या पायाला एकेक. प्रत्येकीची पोलादी तार खोडाभोवती फिरते. एका पायावर भार दिला की ती तार आवळते, दुसरी सैल होते आणि हाताने वर सरकवता येते. बहुतेक चुका बुंध्याशीच होतात. माड वर निमुळता होत जातो. खाली फ्रेम अगदी सपाट बसवली, तर वर तारेचा फास मोठा पडतो आणि फ्रेम पुढून खाली झुकते. म्हणून सुरुवातीलाच तिचं पुढचं टोक थोडं उचललेलं ठेवायचं. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या वाऱ्याने तार आतून गंजते, ते डोळ्यांना दिसत नाही. रोज सकाळी तारेवरून जुनं सुती फडकं ओढायचं. धागा कुठे अडकला तर तिथे पीळ तुटलेला आहे. ती तार त्याच क्षणी बाद.

मग माडाची तपासणी. खोडावर कोयत्याच्या मुठीने ठोकायचं. पोकळ आवाज आला, किंवा भोकातून तपकिरी रस आणि चघळल्यासारखा भुसा दिसला, तर आत खोड पोखरणारा सोंड्या भुंगा असू शकतो. त्या माडावर कोणी चढत नाही. ठोकल्यावर दोन मिनिटं थांबायचं, शेंड्यात गांधीलमाश्या असतील तर त्या उठतात. हुमल्यांची (चावऱ्या तांबड्या मुंग्यांची) घरटी मात्र वर पोचेपर्यंत दिसत नाहीत, एवढं नशिबावर राहतंच.

वरचं कौशल्य वेगळं. दर पंचेचाळीस दिवसांनी पाडणी, म्हणजे वर्षाला आठ. अकरा-बारा महिन्यांचा घडच काढायचा. हिरवी झावळ शक्यतो तोडायची नाही, आणि तोडावीच लागली तर देठ एकशेवीस सेंटिमीटर ठेवायचा, नाहीतर ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. खोडाला पायऱ्यांसाठी खाचा पाडत नाही, त्याचंही हेच कारण. त्याच फेरीत कोवळ्या झावळांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वर बारीक रेती घालतो, कोवळा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा येऊ नये म्हणून.

"यंदा नशिबाने भार चांगला" असं ऐकलं की आम्ही भाटकाराला हिशेब सांगतो. फुलोऱ्याचा अंकुर माडाच्या पोटात धरल्यापासून तो उमलायला सुमारे बत्तीस महिने, आणि पुढे नारळ पिकायला वर्ष. आज हातात आलेला घड साडेतीन वर्षांहून जुन्या पाण्या-खताचा आहे. त्या उन्हाळ्यात आळ्यांत पाणी पोचलं नसेल, तर आजच्या पाडेल्याकडे त्याला इलाज नाही.

पावसात खोडावर शेवाळ चढतं आणि नेमकी तेव्हाच चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, घाई सुरू होते. ओल्या खोडावर आमचा माणूस चढत नाही. जुनी गिऱ्हाइकं यावरून रागावली, काही सुटलीही. आता मे अखेरची पाडणी आम्ही मोठी ठेवतो आणि भाटकारांना सांगतो, असोले (सोडणासकट) नारळ सोलू नका, देठाची बाजू वर करून कोरड्या माळ्यावर ओळीने लावा. माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-नारळ टांगायच्या, दिवशी तेच खाली उतरतात.