४२-२५ : एलएसयूच्या आक्रमणाचं गणित

१३ जानेवारी २०२० ची एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी)-क्लेमसन फायनल, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलची, आज पुन्हा पूर्ण पाहिली. एलएसयूचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) जो बरोचे ४६३ यार्ड आणि ५ टचडाउन (गोलरेषेपार गुण मिळवून देणारे) पास सगळ्यांना पाठ आहेत, पण खरी शिकवण सुरुवातीच्या अडखळण्यात आहे. क्लेमसनचे बचावपटू स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) ऐन क्षणी जागा बदलत होते, त्यामुळे ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची चाल) कुठून येणार हेच कळेना. एलएसयू १७-७ ने मागे!

मग सगळा भार रिसीव्हर (पास झेलणारा) जामार चेसवर. त्याच्यासमोर एकटा कॉर्नर (कडेचा बचावपटू) दिसला की चेंडू लांब, साइडलाइनकडे. ९ कॅच, २२१ यार्ड. सेफ्टीला (सर्वांत मागच्या बचावपटूला) त्याच्याकडे सरकवलं की मधली जागा मोकळी, आणि तिथून रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने ११० यार्ड धावून काढले. हाफटाइमला २८-१७, सलग २१ गुण!

कच्चा दुवा एकच. पास झेलू शकणारे पाचही खेळाडू पासला सोडले की ब्लॉकला (क्वार्टरबॅकला वाचवायला) फक्त पाच लाइनमन उरतात. सहावा बचावपटू आत घुसला तर चेंडू झटकन सुटायलाच हवा. बरो ५ वेळा सॅक झाला (चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला), ते बऱ्याच अंशी या जुगारामुळेच. तरीही हाच जुगार योग्य होता, कारण असे रिसीव्हर हाताशी असताना त्यांना ब्लॉकिंगला अडकवणं म्हणजे निव्वळ नासाडी.